दिवाळी कुंपणाच्या आतली : नवशिक्यांसाठी सोपे धडे

अभिनंदन. तुमची निवड झाली, गल्लीत पेढे वाटून झाले, पत्र्याची काळी ट्रंक घेऊन तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव रंगवून झालं, आणि तुम्ही नाशकात दाखल झालात. आता कॅलेंडर बघा. दिवाळी प्रशिक्षणाच्या बरोब्बर मध्यात येते आहे आणि रजा नाही. घाबरू नका. घरापासून लांब, कुंपणाच्या आत, गणवेशात दिवाळी काढण्याचं एक शास्त्र आहे आणि मी त्यात बऱ्यापैकी मुरलेला माणूस आहे. नोकरीतल्या नऊ दिवाळ्यांपैकी घरी झाल्या दोन. बाकीचा अनुभव तुमच्यासाठी.

गाव तुम्ही चांगलं निवडलंत. म्हणजे आदेशाने निवडलं, पण चांगलं आहे. माणसाला घरापासून तोडून घडवायचं हा नाशिकचा जुना धंदा. त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी. १९०६ साली पुण्यात भांबुर्ड्याला सुरू झालेली शाळा १९०९ मध्ये इथे आली. नाशिकरोड-देवळालीकडे तोफखान्याचा सगळा गोतावळा. डॉ. मुंज्यांनी १९३७ मध्ये काढलेली भोसला सैनिकी शाळा. त्र्यंबकेश्वरात वेदपाठशाळा, तिथे मुंज झाल्या झाल्या घर सोडलेली पोरं पहाटे संहिता घोकतात. मी यांपैकी कोणत्या भिंतीआड होतो, का आणखी कुठे होतो, ते विचारू नका. भिंत उंच होती आणि वर काचा होत्या, एवढं पुरे.

शिवाय परंपरा बघा. प्रभू रामचंद्र वनवासात पंचवटीला राहिले, म्हणजे घराबाहेर सण काढण्याचा मान या गावाला त्रेतायुगापासून आहे. उत्तरेकडची मंडळी दिवाळीत दिवे लावतात ते राम अयोध्येला परतला म्हणून. घरी पोचल्याचे दिवे तिकडे. आपल्या वाट्याला आलाय तो मधला मुक्काम : पर्णकुटी, काटेकुटे आणि शूर्पणखेच्या नाकावरून पडलेलं म्हणतात ते गावाचं नाव. तरी रामाची सोय बरी होती. बायको सोबत, भाऊ सोबत, आणि चौदा वर्षांचा आकडा आधीच ठरलेला. तुमचा कालावधी ‘प्रशासकीय कारणास्तव वाढू शकतो’.

१. आपलं नाव विसरा.

तुम्ही आता चेस्ट नंबर २१४. पांढऱ्या फडक्यावर काळे आकडे, चार सेफ्टी पिना, त्यातली एक कायम उघडी. आठवड्याभरात तुम्हाला शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं नाव आठवेनासं होईल. ‘एकशे नव्वदच्या बायकोला मुलगी झाली’ ही बातमी तुम्ही न हसता ऐकाल आणि एकशे नव्वदचं अभिनंदनही कराल.

यात आपण एकटे नाही, हे सांगून धीर देतो. अमेरिकेत, युटा राज्यात, प्रोव्हो नावाचं शहर आहे. मॉर्मन पंथाची तरुण पोरं धर्मप्रचाराला निघण्याआधी तिथे शिकायला येतात. अठरा वर्षांच्या, मिसरूडही धड न फुटलेल्या पोराला नावाची काळी पट्टी लावतात आणि ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारे अशी हाक मारतात. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून देतात. एकट्याने कुठेही जायचं नाही, न्हाणीघरापुरती काय ती सूट. प्रचाराला निघाल्यावर घरी फोन २०१९ पर्यंत वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. त्या वर्षी फेब्रुवारीत नियम सैल झाला आणि आठवड्याला फोन मिळू लागला. तिकडे पोरं देवाच्या ओढीने जातात, इकडे सरकारी नोकरीच्या. मुलीकडच्यांना विचाराल तर दोन्हींत फार फरक नाही.

मलाही जोडीदार होता. २१३, यावलकडचा. केळीचा बागायतदार, घोरायचा डंपरसारखा. पुढे तो येईल.

२. रजेचा अर्ज करा.

मिळणार नाही. तरी करा. अर्ज करणं हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. त्यात शुद्धलेखन सुधारतं. फक्त कारण लिहिताना पंचांग जवळ ठेवा. आमच्यातल्या एका बहाद्दराने बहिणीचं लग्न लिहिलं, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, “तुळशीचं लागायच्या आधी?” त्या बहिणीचं लग्न पुढे मार्गशीर्षात खरोखर ठरलं. तेव्हाही रजा मिळाली नाही, कारण रेकॉर्डप्रमाणे ते आधीच झालं होतं.

३. फराळाचा डबा आला की हजर राहा.

डबा म्हणजे श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा, दोन किलोचा. झाकणाला चिकटपट्टीचे सात वेढे, वर जुन्या साडीचं फडकं शिवलेलं, त्यावर मार्करने तुमचं पूर्ण नाव. आई चेस्ट नंबर लिहीत नाही. त्यामुळे हा डबा नक्की कोणाचा, यावर गार्डरूममध्ये काही वेळ चर्चा होते, आणि चर्चा करणाऱ्यांना भूक लागते. म्हणून हजर राहा.

डबा बराकीत आणल्यावर तो आपला आहे असं समजू नका. खाटेवर उघडायचा, तीस हात येतात, दोन मिनिटांत तळ दिसतो. अनुभवी माणूस उघडण्याआधीच भाव ठरवतो. आमच्या वेळचे दर असे : एका करंजीला तीन चकल्या, एका अनारशाला दोन करंज्या, शंकरपाळी वजनावर. रव्याच्या लाडवाला भाव नसे, कारण सगळ्यांकडे तोच. बेसनाच्या लाडवासाठी एकाने दुसऱ्याचे बूट आठवडाभर पॉलिश केलेले मी पाहिले आहेत.

चिवडा मात्र स्वतः तपासा. माझ्या चिवड्यात, शेंगदाण्यांच्या खाली, पाचशेची नोट होती, चौपट घडी घातलेली. तिला फोडणीचा वास इतका मुरला होता की कँटीनवाल्याने ती उजेडात धरायच्या आधी नाकाला लावली.

आणि डब्याच्या तळाला घातलेला वर्तमानपत्राचा कागद फेकू नका. तोच खरा ऐवज. तेल पिऊन तो इतका पारदर्शक होतो की एका बाजूने वाचताना दुसऱ्या बाजूच्या बातम्याही दिसतात. मी त्यावर आमच्या तालुक्यातल्या दशावताराच्या प्रयोगाची जाहिरात वाचली. मधूनच मागच्या पानावरचे निधन वार्तेतले आजोबा डोकावत होते. सलग चार रात्री वाचली.

४. पहिली आंघोळ करा.

या बाबतीत तुमची तयारी उत्तम आहे. घरी वर्षातून एकदा पहाटे उठत होता, तेही आईने तिसऱ्यांदा ओरडल्यावर. इथे रोज नरकचतुर्दशी. चारला शिट्टी, सव्वाचारला टाकीसमोर रांग, साडेचारला पाण्याचा तळ. नाशिकची थंडी निफाडकडून येते म्हणतात. ती थेट त्या टाकीत उतरते. उटणं मिळणार नाही. हौस असेल तर आदल्या दिवशी मैदानावर कोपरांवर रांगत जाण्याचा सराव असतोच, त्यात मुरमाने अंग चांगलं घासून निघतं.

आता कोकणातल्या वाचकांसाठी खास सूचना. आमच्याकडे त्या पहाटे तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडल्याशिवाय दिवाळी लागत नाही. कारीट म्हणजे लिंबाएवढं कडू फळ, नरकासुर समजून चिरडायचं, ‘गोविंदा’ म्हणायचं, त्याचा थेंब कपाळाला आणि जिभेला लावायचा, मग घरात जाऊन पाच तऱ्हेचे पोहे. कुंपणाच्या आत कारीट मिळत नाही. मी पर्याय शोधला. मेसच्या गोदामातला एक कच्चा टोमॅटो, हिरवा, घट्ट. वृंदावन नव्हतं, पण कुंपणाच्या आत न हलणारी प्रत्येक वस्तू गेरू-चुन्याने रंगवलेली असते, आणि न्हाणीघरामागे अशाच रंगवलेल्या विटांच्या गोलात एक सदाफुली होती. अंधारात चालून गेलं असतं.

चार वाजून दहा मिनिटं. मी आणि २१३. तो पहाऱ्याला. त्याला आधी वाटलं मी कुणावर करणी करतोय. ‘साहेबांवर असेल तर मीही पाय लावतो’ म्हणाला. मी टोमॅटो ठेवला, त्यावर बूट टेकवला आणि हळू आवाजात ‘गोविंदा’ म्हटलं. टोमॅटो फुटायच्या आत टॉर्चचा झोत आला.

“क्या हो रहा है इधर?”

उस्ताद. तीन महिने आम्ही या माणसाच्या तोंडून हिंदीशिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं. आम्हाला तो हरियाणाचा वाटायचा. झोत माझ्या तोंडावर आला, मग छातीवरच्या आकड्यावर, मग बुटावर, आणि बुटावरच थांबला. बराच वेळ. मी उजवा पाय टेकवला होता, कारण डाव्या टाचेला फोड आला होता.

“डाव्या पायान फोडूचा आसता रे,” उस्ताद म्हणाला. “उजव्यान कोण फोडता?”

मी पाय बदलला. परेडवर इतक्या चपळाईने मी पाय कधी बदलला नसेन. टोमॅटो फुटला. उस्तादाने वाकून एक बी बोटावर घेतली, जिभेला लावली, तोंड वाकडं केलं. कारिटाएवढं कडू ते नव्हतंच. मग टॉर्च बंद झाली आणि अंधारातून पुन्हा हिंदी आली : “दो सौ तेरह, ग्राउंड के दो चक्कर. दो सौ चौदह, चार.”

मला दुप्पट का, ते मी विचारलं नाही. गाववाला म्हणून असावं.

तात्पर्य नव्हे, तांत्रिक सूचना : टोमॅटो पिकलेला घ्या. आवाज कमी येतो.

५. लक्ष्मीपूजन.

केरसुणीची पूजा असते त्या दिवशी, हे तुम्हाला माहीत आहे. तीन महिने फटीगच्या नावाखाली तुम्ही सकाळ-संध्याकाळ झाडूच धरून आहात. म्हणजे लक्ष्मी हातात होतीच, फक्त तिची ओळख पटली नव्हती. पूजेच्या दिवशी तिला हळदकुंकू वाहा, आणि दुसऱ्या दिवशी फटाक्यांचा कचरा तिच्यानेच काढा.

संध्याकाळी बडाखाना असेल. अधिकारी स्वतः वाढतात. जिलेबी घेताना ‘बस’ म्हणू नका, आणि ‘आणखी’ही म्हणू नका. ताट पुढे धरून सावधान नजर ठेवा.

६. भाऊबीज फोनवर उरका.

तुमचा फोन कार्यालयातल्या कपाटात, खाकी पाकिटात, तुमच्या नंबरासकट झोपलेला आहे. रविवारी अर्धा तास मिळतो. भाऊबीजेला उदार मनाने एक तास मिळेल. मात्र पाकिटातला फोन आठवडाभरात मेलेला असतो, आणि बराकीत साठ माणसांमागे चार्जिंगची चार भोकं, त्यातलं एक ढिलं. म्हणून भाऊबीजेची खरी तयारी ओवाळणीची नसते, भोकाची असते. २१३ आणि मी पाळी लावून एक भोक तीन तास आधी अडवून ठेवलं होतं. अशा प्रसंगी जोडीदाराची किंमत कळते.

नेटवर्कचंही तेच. तासाभरासाठी अख्खी तुकडी एकाच कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीखाली, हात वर करून उभी. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की शरण आलेत.

माझा व्हिडिओ कॉल लागला. ताईने पाट मांडला होता, रांगोळी काढली होती, पाटावर तांब्या आणि तांब्याला टेकवलेला फोन, म्हणजे मी. आईने निरांजन लावलं. ताईने आधी कुंकू बोटावर घेतलं आणि माझ्या कपाळाला लावलं. माझं कपाळ त्या क्षणी पडद्यावर नेमकं कुठे होतं देव जाणे. बोट टेकलं ते कॉल बंद करायच्या लाल बटणावर. ओवाळणं राहिलंच. पुन्हा लागला नाही. माझी त्या वर्षीची भाऊबीज एकोणीस सेकंदांची झाली आणि संध्याकाळी तिचा निरोप आला : ओवाळणी बाकी आहे.

तिच्या फोनच्या काचेच्या कडेत ते कुंकू बसलं ते बसलंच. पुढे वर्षभर तिच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळाच्या कोपऱ्यात लालसर डाग दिसायचा. गॅसवाल्याच्याही.

७. थोडं वेड लागू द्या.

साधारण पाडव्याच्या आसपास लागेल. रात्री उशीखाली हात घालून तुम्ही चकलीचा तुकडा शोधाल. भिंतीवर खिळ्याने दिवस कोराल. उगाच लाजू नका. तुमच्या या अवस्थेला इंग्रजीत अधिकृत शब्द आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. ब्रिटिशांनी १८६१ मध्ये देवळालीला लष्करी छावणी वसवली. मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेची बोट मिळेपर्यंत तिथे येऊन थांबत. बोटी सुटत त्या हिवाळ्याच्या मोसमात. ज्याची मुदत मोसम संपल्यावर संपली, त्याने महिनोन्‌महिने देवळालीच्या उन्हात बसायचं. हत्यारं जमा, काम नाही, परेड नाही, घर समुद्रापलीकडे. त्यातले कित्येक बहकले. ‘याला देवळालीचा ताप आहे’ असं म्हणता म्हणता शब्द झाला ‘डूलॅली टॅप’, आणि तो शिपायांबरोबर बोटीने इंग्लंडला गेला. टॅप म्हणजे आपला ताप. तिकडे अजून डोकं फिरलेल्याला डूलॅली म्हणतात आणि त्यांना देवळाली नकाशावर दाखवता येत नाही.

तेव्हा घरच्या ओढीने वेड लागलंच, तर ते इथे स्थानिक उत्पादन आहे असं समजा. द्राक्षं आणि चिवड्यासारखं.

८. शरणपूर रोडला जाऊ नका.

आऊट पास मिळाला तर मिसळ खा, पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढा, रामकुंडावर पाय बुडवा. शरणपूर रोड टाळा. आज तिथे शोरूम आहेत, क्लास आहेत, दवाखाने आहेत, काही वाईट नाही. पण तिथला इतिहास कळला तर तुमचं दुःख लहान होईल, आणि एवढ्या मेहनतीने वाढवलेलं दुःख असं लहान करणं बरं नव्हे.

एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे शरणपूर वसवलं. गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या आश्रमात आणली. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी, बायबल. काहींना मिशनच्या कामासाठी तयार केलं. प्रोव्होच्या पोरांनी नाताळचा फोन तरी केला असता. या मुलांनी फोन लावायचा कोणाला? गाव कुठलं हेही काहींना ठाऊक नसेल. नाताळला त्यांनी देवळात गाणी म्हटली असणार, नवे कपडे घातले असणार, आणि सुटीत घरी जाण्याचा अर्ज कोणीच केला नसणार.

त्यांच्यातला एक जेकब वेनराइट. याओ जमातीचा. शिकून आफ्रिकेत परत गेला तो डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मदतीला निघालेल्या तांड्यातून. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन मेला. सोबत्यांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं आणि प्रेत मिठाने वाळवून कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत आणलं. पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने, झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच; लिहिणं-वाचणं नाशिकला शिकलेला. पुढे प्रेतासोबत तो विलायतेला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पेटीला खांदा देणाऱ्यांत होता. दुसऱ्याला त्याच्या घरी पोचवून आला.

मी हे एकोणीस सेकंदांच्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आऊट पासवर असताना एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात उभ्याने वाचलं. ताईचा निरोप खिशात होता. सांगितलं ना, जाऊ नका.

९. एकदाची रजा मिळाली तर.

घरी जाऊन काय करायचं, याचं प्रशिक्षण कोणी देत नाही, म्हणून ही शेवटची पायरी. यंदा मला मिळाली. आदल्या रात्री पोचलो. आईने कारिटं आणून ठेवली होती, चांगली सात-आठ. पोहे भिजायचे होते. ‘उद्या कोणी लवकर उठवणार नाही, झोप हवा तेवढा’, असं ताईने बजावलं. ती माहेरी आली होती. मी हो म्हटलं.

चारला डोळे उघडले. शिट्टी कुठेच वाजली नव्हती. अंथरुणाची घडी केली, कोपरे जुळवले, बूट घातले. अंगणात आलो. तुळशीपुढे पणती विझत आलेली, मांजर पायरीवर. घर झोपलेलं होतं आणि सहापर्यंत झोपणार होतं. एकट्याने कारीट फोडायचं नसतं, सगळे जमावे लागतात. मी तुळशीच्या तीन पावलं मागे उभा राहिलो. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, नजर समोर. किती वेळ उभा होतो कोण जाणे.

आतून आईचा झोपेतला आवाज आला, “कोण रे तो अंगणात?”

“दोनशे चौदा,” मी म्हणालो.